अंजिराची वही

सोहारच्या या भाड्याच्या घरामागे
आधीच्या भाडेकरूनं लावलेलं अंजिराचं एकच झाड.
पंचेचाळीस डिग्रीत तेच काय ते हिरवं,
आणि मी सासवडकडची.
मान टाकलेलं फळ कोणत्या सकाळी उतरवायचं
हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

पण सकाळी जावं तर फळ नाही.

म्हणून वही घातली.
यांच्या कंपनीची, गेल्या सालची डायरी.

पहिलं पान. वरून एकच भोक,
आत मुंग्यांची जत्रा. म्हणजे बुलबुल.
पांढऱ्या गालाचा, तारेवर शहाण्यासारखा बसतो,
फांदीला चोच पुसतो दोन्ही बाजूंनी,
वस्तऱ्याला धार लावावी तशी.

दुसरं. अर्धं खाऊन फेकलेलं. राघू.
त्याला खाण्यापेक्षा टाकण्यात रस.
पंगतीतले काही पाहुणे आठवले.

तिसरं. आतून कोरलेलं, साल तशीच लटकलेली,
काठाला दोन-दोन दातांच्या रेघा,
भिंतीवर काळे तांदूळ सांडावे तशा लेंड्या.
शम्साच्या भिंतीला टेकलेल्या फांदीवरून यायचा.
फांदी छाटली. बुंध्याला पत्रा गुंडाळला, हातभर रुंद.
औषध ठेवणार होते, पण शम्साची मांजर
मेलेले उंदीर दारात मांडते, शाबासकीसाठी.
शम्सा एवढंच म्हणाली, विष नको, हबीबती.

चौथ्या पानावर अडले.
पांढऱ्या भिंतीवर शिंतोडे, खाली चोथा,
रस पिळून थुंकलेला,
चरकातून निघालेल्या उसासारखा.
शेजारच्या खजुरांना पाणी देणारा रफीकुल, सिलेटचा,
चोथा बोटावर घेऊन म्हणाला, बादुड.
मी म्हटलं, वटवाघूळ.
दोघांनीही वर पाहिलं. दुपार होती, वर काहीच नव्हतं.
बारीक विणीची जाळी आणली,
खाटेच्या नवारीसारखी ताणून बांधली.
ढिली राहिली तर पंख अडकून तडफडतात;
चोर झाला तरी फास कशाला.

तरी पाचवं पान उघडावं लागलं.
साल नाही, चोथा नाही, भोक नाही.
देठ स्वच्छ मोडलेलं, चीक अजून ओला.
आणि जाळीची गाठ
सोडून पुन्हा बांधलेली.

गाठ.

त्या रात्री झाडाखाली मैदा चाळला,
रांगोळीआधी शेणसडा घालावा तसा, कोपरा न सोडता.
पहाटेच्या अजानीआधी बॅटरी घेऊन गेले.
पालीची नक्षी होती.
काटेचुव्याची तुरुतुरु ये-जा होती.
आणि तिच्यावरून सरळ गेलेलं एक पाऊल.
उजवं. अनवाणी.
चार बोटांचं.

पाचवं गेल्या रमजानात काढलं, मस्कतला.
साखरेनं काळं पडलं होतं.
घरातसुद्धा चपलेशिवाय पाऊल नाही, डॉक्टर म्हणाले होते,
आणि यांनी मान हलवली होती
लहान मुलासारखी.

मी मैदा झाडून घेतला,
मुंग्या यायच्या आत.

चहाच्या वेळी म्हटलं, मोठी घूस असावी.
हे म्हणाले, पिंजरा आणू.
आणि आणलाही, सूकमधून, दोन रियालचा.
खोबऱ्याचा तुकडा अडकवून झाडाखाली ठेवला,
स्प्रिंग चेपून पाहिली बोटानं, हळूच.
मी खिडकीत उभी होते.

संध्याकाळी दोन वह्या शेजारी मांडल्या.
एक अंजिराची, एक साखरेची.
साखरेची ते स्वतः लिहितात, रोज उपाशीपोटी टोचून,
तिरक्या, देखण्या अक्षरात.
रविवार, दोन फळं. एकशे ब्याण्णव.
सोमवार, एकही नाही. एकशे बत्तीस.
मंगळवार, पाच.
इथे आकडा खोडून दुसरा लिहिला होता,
आणि खोडलेल्या शाईखालून
पहिला अजून वाचता येत होता.